सावली पायाखाली येईपर्यंत

दुपारी बारापर्यंत मी बोलत नाही. शाळेत गणित शिकवते, आणि गणिताचे चारही तास बाराच्या आत असतात. तेव्हा गेली अकरा वर्षं मी गणित न बोलता शिकवत आले आहे.

नव्यानं बदलून आलेल्या शिक्षकांना हे ऐकून काळजी वाटते. मुलांना नाही वाटत. खडू फळ्यावर एकदा आपटला की वह्या काढायच्या, दोनदा आपटला की चुकलं, आणि मी खडू खाली ठेवून नुसती पाहत राहिले की ज्याचं चुकलंय तो आपण होऊन उभा राहतो. अपूर्णांक मी डस्टरनं समजावते, ऋण संख्या भिंतीकडे तोंड करून उलट्या पावलांनी चालून. आमचे मुख्याध्यापक, म्हणजे मोठे सर, पाहुण्यांना कौतुकानं सांगतात, "आमच्याकडे गणिताच्या तासाला टाचणी पडली तरी ऐकू येते. आणि मग बाई ती उचलून तिची लांबी मोजायला लावतात."

बाराची घंटा झाली की मी तोंड उघडते. पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "डबे काढा." मुलांना माझा आवाज फार आवडतो. त्याचं कारण मला माहीत आहे, म्हणून मी त्याचा गर्व करत नाही.

घरी माझ्या वतीनं वन्सं बोलतात. वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण, आमच्याकडेच असतात. हे कामाला पहाटेच बाहेर पडतात, त्यामुळे सकाळी घरात आम्ही तिघीच. मी लेकीकडे बघून एक बोट तोंडाशी नेलं की स्वयंपाकघरातून वन्संचा आवाज येतो, "तुझी आई विचारतेय, दात घासलेस का?" मी भुवया उंचावल्या की, "तुझी आई म्हणतेय, वेणी कुणी घातली ही, वादळानं?" वादळाचं मी काही म्हटलेलं नसतं. वन्सं भाषांतरात पदरचं घालतात. एकदा मी नुसती शिंकले, तर म्हणाल्या, "तुझी आई म्हणतेय, आत्याला आणखी अर्धा कप चहा दे."

लेक सातवीत आहे, माझ्याच शाळेत. शाळेत तिला सगळे फुटपट्टी म्हणतात, कारण तिच्या खिशात फुटपट्टी नसली तर ती घराबाहेर पडत नाही. पायऱ्यांची उंची, वन्संच्या नाकाची लांबी, सगळं तिच्या वहीत आहे. तिनं सकाळी माझा आवाज कधी ऐकलेला नाही. ऐकला असेल तर तिला आठवत नाही. मी बोलायची थांबले तेव्हा ती दीड वर्षाची होती.

तेव्हा तिला ताप आला होता. सहा दिवस उतरेना. सातव्या दिवशी मी दवाखान्याच्या अंगणात तिला खांद्यावर घेऊन उभी होते, आणि बाराच्या सुमाराला तिच्या कपाळाला घाम आला. ताप उतरला. मी खाली पाहिलं तर माझी सावली कुठे दिसेना, म्हणजे अगदी पायाखाली गेलेली. मी तिथल्या तिथे देवाला शब्द दिला, रोज माझी सावली माझ्या पायाखाली येईपर्यंत मी एक अक्षर बोलणार नाही. शब्द अगदी असाच होता. मी गणिताची बाई आहे, मोघम बोलत नाही.

पण वर्गाच्या खिडक्या मागच्या बाजूला, ऊन दिसत नाही, पावसाळ्यात सूर्यच दिसत नाही. म्हणून मी घंटेवर विसंबले. घंटा द्यायचं काम शिपाईमामांचं, आणि मामा म्हणजे बावनकशी माणूस.

तर यंदा सातवीच्या पुस्तकात एक पान आलं, 'करून पाहा'. मीटरभर लांबीची काठी मैदानात उभी करायची, अकरापासून एकपर्यंत दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडा ठेवायचा आणि लांबी मोजायची. सर्वांत आखूड सावली पडेल तेव्हा तुमच्या गावची खरी दुपार. काठी उभी करायचं काम अर्थातच फुटपट्टीकडे आलं. तिनं ती आदल्या दिवशीच रोवून ठेवली, आणि प्रयोगाची जबाबदारी माझी असूनही मला हात लावू दिला नाही.

मुलं वह्या घेऊन गोलाकार बसली. सावली आखूड होत गेली. मामांनी घंटा दिली, आणि त्याच क्षणी सावली नाहीशी झाली. आखूड नव्हे, नाहीशीच. काठीच्या बुडाशी नखाएवढासुद्धा काळा ठिपका उरला नाही.

"डबे काढा," मी म्हटलं, आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या.

मोठे सर धावत आले. त्यांनी लगेच फलकावर लिहवून घेतलं, 'आमच्या शाळेत सूर्य वेळेवर येतो.' मामा नुसते हसत होते. म्हणाले, "अकरा वर्षांत एक दिवस चुकलो नाही, बाई. सूर्यानं आज कबूल केलं इतकंच."

सगळे खूश होते. माझ्या लेकीचा चेहरा मात्र गृहपाठ विसरल्यासारखा होता. आणि मला जेवण गेलं नाही. सावली शून्य? आपल्याकडे? मैदानातल्या कुंपणाची सावली मी समोर पाहत होते, चांगली हातभर पडलेली. सगळ्या मैदानात सूर्य फक्त त्या एका काठीवर मेहरबान कसा?

शाळेच्या कुंपणाची भिंत पुन्हा बांधायचं काम चालू होतं. दुसऱ्या दिवशी अकराच्या पुढे मी गवंडीदादाकडे गेले आणि बोटानं हवेत एक उभी रेघ काढली. त्यानं क्षणभर विचार करून मला ओळंबा दिला. दोरी आणि टोकाला लोखंडी लट्टू. मी तो काठीशेजारी धरला. दोरी सरळ खाली गेली. काठी गेली नाही. काठी सूर्याच्या बाजूला झुकलेली होती, पुष्कळच झुकलेली. मुलांनी खडे मोजले होते, काठीकडे कुणी पाहिलंच नव्हतं.

फुटपट्टी जवळ आली. शाळेत ती मला 'बाई' म्हणते. त्या वेळी म्हणाली नाही.

"आई, ओळंबा कशाला आणलास?"

मी तिच्याकडे पाहत राहिले. खडू खाली ठेवल्यावर पाहते तशी.

"मीच वाकवली," ती म्हणाली. "शनिवारी मी एकटीनं सरळ लावून बघितलं होतं. सावली चव्वेचाळीसच्या खाली येतच नाही, आई. येते चव्वेचाळीसपर्यंत आणि परत लांब व्हायला लागते. आणि चव्वेचाळीसपण घंटेला नाही, घंटेनंतर अडतीस मिनिटांनी. घंटेला अठ्ठेचाळीस असते." तिचे डोळे भरून आले, पण आकडे एकही चुकले नाहीत. "पायाखाली ती कधीच येत नाही. मला माहितेय तू कशी आहेस. तू म्हणशील, आली नाही ना, मग बोलायचं नाही. दुपारीपण नाही, रात्रीपण नाही. मग मला आयुष्यभर आत्याच राहणार. आणि आत्या काहीही सांगते."

मी काठी सरळ केली. ओळंब्याला लावून, बुडाशी दोन विटा रेटून. घंटा झाली. अठ्ठेचाळीस. मुलं माझ्या तोंडाकडे पाहत होती. मी अडतीस मिनिटं उन्हात उभी राहिले. चव्वेचाळीस. मग पंचेचाळीस.

मी माझ्याही पायांकडे पाहिलं. सावली समोर लांब पडलेली होती, स्वच्छ, कुणालाही दिसेल अशी. अकरा वर्षं मी खाली पाहिलंच नव्हतं.

मी बोलले नाही.

त्यातून जे झालं ते मला आधी कळायला हवं होतं. मी उन्हात उभी असतानाच, पहिल्या घंटेनंतर पाच मिनिटांत, घंटा पुन्हा झाली होती. बाराची. मग पुन्हा झाली. मोठे सर मामांच्या खोलीशी गेले, त्यांच्यामागे मी.

"मामा, हे काय चाललंय?"

"बारा वाजवतोय, सर. वाजत नाहीयेत."

"म्हणजे?"

"घड्याळात बारा झाले, मी घंटा दिली. बाई बोलल्या नाहीत. म्हणजे घड्याळ पुढे गेलंय. पाच मिनिटं मागे केलं. परत बारा झाले, परत घंटा दिली. बाई परत बोलल्या नाहीत. मग परत मागे."

मोठ्या सरांनी कपाळाला हात लावला. "म्हणजे तुम्ही घड्याळ बाईंवरून लावता?"

"मग कशावरून लावू? अकरा वर्षांपूर्वी झेंड्याच्या काठीची सावली सर्वांत आखूड झाली तेव्हा बाराला लावलं होतं. त्यानंतर रोज ताडून बघतो. घड्याळात बारा आणि बाईंचा आवाज, दोन्ही एकदम. एक दिवस फरक पडला नाही. बाई देवाला दिलेला शब्द मोडायच्या नाहीत, मग घड्याळ चुकेल कसं?"

आणि मी रोज त्यांची घंटा ऐकून बोलत होते. मी मामांच्या भरवशावर, मामा माझ्या. घड्याळ बिचारं रोज अर्ध्या सेकंदाहून जरासं जास्त पुढे पळत होतं आणि आम्ही दोघं त्याला शाबासकी देत होतो. बाहेरची घड्याळं वेगळी वेळ दाखवतात हे सगळ्या रस्त्याला माहीत होतं. पण बेकरीवाला, न्हावी, दवाखान्यातली नर्स, सगळे शाळेचीच वेळ मानायचे. त्यांचं म्हणणं, बाकीची घड्याळं सेलवर चालतात, शाळेचं श्रद्धेवर.

त्या दिवशी बारा सत्तावीस वेळा वाजले. मुलांनी पहिल्या तीन घंटांना डबे उघडून मिटले, चौथीला धीर सोडून जेवून टाकलं.

पुढचे तीन दिवस मी सकाळ-दुपार-रात्र गप्प होते. वन्संवर कामाचा ताण आला. रात्री त्यांचा घसा बसला तेव्हा म्हणाल्या, "वहिनी, अहो आता आठवतंय. दवाखान्याच्या त्या दिवशी ऊनच नव्हतं. आभाळ भरून आलं होतं. मी छत्री घेऊन आले होते की! सावली दिसणार कुठून?"

मी कागदावर लिहिलं, 'ढगामागे सूर्य असतोच.'

"असेल. पण सावली नव्हती."

मी खाली आणखी लिहिलं, 'शब्द दिला आहे.' वन्संनी तो वाचून कागद घडी करून बाजूला ठेवला. त्यांनाही तो ताप आठवत होता.

वर्गात सातवीनं फळ्यावर हिशेब मांडला. एक मुलगी म्हणाली, "रोज अडतीस मिनिटं बाई लवकर बोलल्या. गुणिले अकरा वर्षं. शंभराच्या वर दिवस भरतात! तेवढं गप्प बसून फेडलं की झालं." मागच्या बाकावरून एक जण उठला, "रोज अडतीस कशी? पहिल्या दिवशी शून्य होती, हळूहळू वाढली. सरासरी एकोणीस घे. निम्मेच दिवस." इतकं सुंदर उत्तर मी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं, आणि मला शाब्बास म्हणता येईना. मी त्याला अख्खा खडू दिला. पण दोन्ही हिशेब फुकट होते. सावली पायाखाली येत असती तर लवकर बोलल्याची भरपाई करायची. जी येतच नाही तिचं काय करायचं?

फुटपट्टी त्या हिशेबात नव्हती. तिच्या वहीत चौकोनी कागदावर त्रिकोण काढलेला होता. काठी शंभर, सावली चव्वेचाळीस. वरच्या टोकाशी कोनमापक ठेवून तिनं लिहिलं होतं, चोवीस अंश. ती सारखं त्या चोवीसकडे पाहत होती.

चौथ्या दिवशी मोठ्या सरांच्या खोलीत बैठक भरली. सर, मामा आणि मी. सर म्हणाले, "बाई, तुमच्या श्रद्धेचा मला आदर आहे. पण तोंडी परीक्षा दोन आठवड्यांवर आली. ती एकाच बाजूनं तोंडी कशी घ्यायची?"

तेवढ्यात दार न वाजवता फुटपट्टी आत आली. हातात फुटबॉल, त्याला दोन टाचण्या टोचलेल्या. मागे गवंडीदादा, खांद्यावर फळी.

"सर, मला पाच मिनिटं द्या. शाळेच्या घड्याळातली नको, खरी."

तिनं फुटबॉल खिडकीतल्या उन्हात धरला. एका टाचणीची सावली चेंडूवर पडली होती, दुसरीची नव्हती.

"ही आपण. हिची सावली पडते. आणि ही दुसऱ्या गावातली बाई. आत्ता तिच्या डोक्यावर सूर्य आहे, तिची सावली पायाखाली आहे. आपल्याला ती आपल्यापेक्षा तिरकी दिसते. पण तिला विचारलं तर ती म्हणेल, मी सरळच उभी आहे, तुम्ही तिरक्या." ती माझ्याकडे वळली. "आई, तू देवाला म्हणालीस सावली पायाखाली आली पाहिजे. तू सरळ उभी राहशील असं म्हणाली होतीस?"

मी खरंच आठवून पाहिलं. नव्हते म्हणाले.

"मी काठी चोरून वाकवली ते चुकलं. पण सगळ्यांसमोर मोजून वाकवलं तर ते काय चोरून झालं? दुपारी सूर्य ओळंब्यापासून चोवीस अंश कलतो. तूपण चोवीस अंश कलायचं. बस्स."

मोठे सर चष्मा पुसत म्हणाले, "बाईंना कलवायचं, हे इतिवृत्तात कोणत्या शब्दांत लिहायचं?"

"फळीला लिहा," मामा म्हणाले. "बाई काय, फळीबरोबर जातील."

गवंडीदादा कुरकुरत होता. "बापानं मला जन्मभर सरळ उभं करायला शिकवलं. आज पहिल्यांदा कुणी मोजून वाकडं मागतंय." तरी त्यानं काम चोख केलं. मैदानात विटांचा ढीग रचला, त्यावर फळी रेलून ठेवली, खालच्या टोकाला पाय ठेवायला दुसरी फळी काटकोनात ठोकली. मुलांनी वर्गातला लाकडी कोनमापक आणला आणि ओळंबा लावून चोवीस अंश मोजले. दोनदा, कारण पहिल्यांदा सव्वीस भरले होते.

रोजच्या घंटेची वेळ होऊन गेली. मामांनी घंटेला हात लावला नाही. त्यांनी घड्याळ थांबवूनच ठेवलं होतं. सावली आखूड होत होती, खडे काठीकडे सरकत होते. सत्तेचाळीस. पंचेचाळीस. मी सूर्याकडे पाठ केली, पदर खोचला आणि फळीवर मागे रेलले. तिघी मुलींनी फळी घट्ट धरली. साऱ्या शाळेसमोर असं अर्धवट आडवं होणं मला फार संकोचाचं वाटत होतं. मी डोळे मिटून देवाला विचारलं, मी तुला फसवत तर नाही ना? मग मनात आलं, अकरा वर्षं घड्याळानं मला फसवलं, तरी लेकीला साधा ताप आला नाही. हिशेब माझा काटेकोर आहे, देवाचा नसावा.

"चव्वेचाळीस!" सगळी सातवी ओरडली.

फुटपट्टी माझ्या पायांशी गुडघ्यांवर बसली. तिनं फुटपट्टी आडवी धरली, माझ्या टाचेपासून बोटांपर्यंत फिरवली. मान वर केली तेव्हा तिचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"शून्य."

मी डोळे उघडले. खाली पाहिलं. पाय होते, पायांखाली लाकूड होतं, आणि सावली कुठेच नव्हती.

"डबे काढा," मी म्हटलं.

मामा धावले. घंटा इतकी वाजवली की तिची दोरी तुटली. घड्याळ बाराला लावून पुन्हा चालू केलं, आणि त्या दिवसापासून सगळा रस्ता अडतीस मिनिटं उशिरा जेवू लागला. न्हावी म्हणाला, हल्ली भूक जास्त लागते त्याचं कारण आता समजलं.

मला वाटलं, झालं, संपलं. रोज दुपारी फळीवर रेलायचं, कोन मात्र रोज नव्यानं काढायचा, कारण सूर्य काही एका जागी थांबत नाही. सातवीला वर्षभराचा अभ्यास मिळाला.

पण पुढच्या रविवारी सकाळी मी अंगणात आले तर तिथे फळी. गवंडीदादाची जुनी, चुना लागलेली. उन्हाच्या बाजूच्या टोकाखाली फक्त चार विटा, म्हणजे फळी जवळजवळ आडवीच. फुटपट्टी नाइटीवरच कोनमापक घेऊन बसलेली.

"आई, सूर्य आत्ता जमिनीपासून पंधरा अंश वर आहे," ती म्हणाली. "मग तूपण पंधरा अंश. डोकं सूर्याकडे, पाय भिंतीकडे. दुपारच व्हायला पाहिजे असं कुठे म्हणाली होतीस?"

मी तिच्याकडे पाहिलं. तिच्या केसांत अजून उशीचा कापूस अडकला होता. अकरा वर्षं मी या वेळी तिला उठवत होते, न्हाऊ घालत होते, शाळेला पाठवत होते, आणि सगळं बोटांनी.

मी फळीवर आडवी झाले. डोकं सूर्याकडे, पाय आडव्या ठोकलेल्या फळीवर टेकलेले. केसांत कोवळं ऊन शिरलं. वन्सं चहाचा कप घेऊन दारात आल्या आणि तिथेच थबकल्या. "अगं बाई! काय झालं हिला?"

"आत्या, हलू नको, तुझी सावली मध्ये येतेय." फुटपट्टीनं माझ्या तळव्यांशी पट्टी फिरवली. एकदा, दोनदा. मग पट्टी खाली ठेवली आणि नुसती माझ्या तोंडाकडे पाहत राहिली.

बोलायचं काय हे मी ठरवलंच नव्हतं. घसा सकाळच्या आवाजाला सरावलेला नव्हता, तो खरखरीत निघाला.

"दात घासलेस का?"

ती जागची हलली नाही. दारातून वन्संनी सवयीनं सांगितलं, "तुझी आई विचारतेय, दात घासलेस का."

"ऐकलं मी," लेक म्हणाली. "आई, परत विचार."